चढाची वाट वेगळी, उताराची वेगळी

प्रवरेच्या काठावरच्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील कोण, हे कुणाला सांगावे लागत नाही. त्या नावाला जोडून दुसरे एक नाव घेतले जाते, ते डॉ. धनंजयराव गाडगीळ यांचे. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव होते आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष. विठ्ठलरावांबद्दल गावोगाव आठवणी निघतात. धनंजयरावांचा विषय निघाला की मात्र पुण्याचे एक मोठे अर्थशास्त्रज्ञ, एवढे म्हणून माणसे थांबतात. त्यात त्यांची चूक नाही. अर्थशास्त्रज्ञाने आयुष्यभर केलेले काम आकड्यांच्या तक्त्यांत असते, आणि तक्ते कुणी आठवणीने सांगत बसत नाही.

पण या माणसाची गोष्ट त्या तक्त्यांतूनच सांगितली पाहिजे, असे मला वाटते. ते नगर जिल्ह्यातले नव्हते. त्यांचे घराणे शेतकऱ्याचे नव्हते. पुण्यात एका नामांकित संस्थेचे संचालकपद हाती होते आणि केंब्रिजची पदवी गाठीशी होती. असा गृहस्थ सुरुवातीची सुमारे दहा वर्षे एका खेड्यातल्या कारखान्याची धुरा सांभाळतो, हे समाजकार्याची आवड म्हणून सांगता येईल. पण तेवढ्याने समाधान होत नाही. गुळाचे भाव, उसाचे क्षेत्र, मजुरी, कर्ज यांच्या वर्षानुवर्षांच्या आकड्यांत त्यांना काहीतरी दिसले होते. ते काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म नाशिकचा, १० एप्रिल १९०१ चा. शिक्षण नागपुरात आणि नंतर केंब्रिजला झाले. तिथे त्यांनी भारताच्या अलीकडच्या औद्योगिक वाटचालीवर प्रबंध लिहिला. तो १९२४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आणि पुढे कित्येक पिढ्यांतल्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तक म्हणून पुरला. तेविसाव्या वर्षी लिहिलेले पुस्तक माणसाच्या सत्तराव्या वर्षीही वापरात असावे, हे भाग्य थोड्यांना लाभते. १९२५ पासून पाच वर्षे ते सुरतेच्या महाविद्यालयात प्राचार्य होते. १९३० साली साताऱ्याच्या रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यात भारत सेवक समाजाच्या आवारात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था सुरू झाली, तेव्हा तिचे संचालकपद या एकोणतीस वर्षांच्या तरुणाकडे आले. ते पुढे पस्तीसहून अधिक वर्षे त्यांच्याकडे राहिले.

१९३० हे साल नीट लक्षात ठेवायला हवे. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला आणि जगभर शेतमालाचे भाव घसरू लागले. त्या घसरणीचा तडाखा नगर जिल्ह्याच्या उत्तर भागाला विशेष बसला. त्याला कारण होते.

हा भाग मुळात जिरायत. जिल्ह्याचा पाऊस सरासरीने बावीस-तेवीस इंच, आणि तोही सांगून येणारा नव्हे. एखाद्या साली तीस इंच, तर एखाद्या साली बारा. सरासरी कागदावर असते, शेतात नसते. दुष्काळापासून संरक्षण म्हणून इंग्रज सरकारने आधी गोदावरीचे कालवे काढले, मग भंडारदऱ्याचे धरण बांधून १९२६ साली ते पुरे केले आणि प्रवरेचे पाटपाणी खाली आले. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. गावोगाव गुऱ्हाळे लागली. सासवडकडचे माळी बागायतदार या भागात येऊन खंडाने जमिनी करू लागले. हरिगावला बेलापूर कंपनीचा खाजगी कारखाना निघाला, पण बहुतेकांचा ऊस गुळातच जात होता.

आता या धंद्यातला पेच पाहा. आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने राहतो. लागणीच्या वेळी पेंड, मजुरी, पाणीपट्टी, बैल या सगळ्यांचा खर्च त्या वेळच्या भावाने होतो आणि गूळ विकला जातो दीड वर्षानंतरच्या भावाने. मधल्या काळात भाव चढला तर बागायतदाराची दिवाळी. पण समजा, शंभर ढेपांच्या किमतीएवढे कर्ज काढून लागण केली आणि भाव निम्म्यावर आला. कर्जाचा रुपया तेवढाच राहिला, पण तो फेडायला आता दोनशे ढेपा लागणार. त्या शेतात निघत नाहीत. मग जमीन गहाण पडते, आणि गहाणाची मुदत सरली की सावकाराच्या नावावर चढते. चार वर्षांनी भाव पुन्हा पूर्वीच्या जागी येतो. बाजाराच्या तक्त्यात पाहिले तर एक खड्डा पडला आणि भरून निघाला, असेच दिसेल. जमीन मात्र परत आलेली नसते.

भाव जितका पडला तितकाच पुन्हा चढला, म्हणजे हिशेब जुळला, असे शाळेतले गणित सांगते. व्यवहारात पडण्याची वाट आणि चढण्याची वाट एक नसते. पडणे झटक्यात होते, चढणे सावकाश होते, आणि पडताना जे मोडते ते चढताना आपोआप सांधत नाही. संख्याशास्त्रज्ञ याला असममिती म्हणतात. एखाद्या गोष्टीचे वर्षावर्षाचे किंवा महिन्यामहिन्याचे आकडे ओळीने मांडले की त्या माळेला ते कालश्रेणी म्हणतात, आणि तिला दोन प्रश्न विचारतात. पहिला, या माळेला खरोखर काही दिशा, म्हणजे कल आहे का, की नुसतीच वर-खाली हलते आहे? दुसरा, तिचे चढ आणि उतार सारखे आहेत का?

धनंजयराव गणिती नव्हते. सूत्रांची त्यांना फारशी ओढ नव्हती. पण हे दोन्ही प्रश्न त्यांच्या कामात पहिल्यापासून आहेत, आणि त्यांची उत्तरे कचेरीत बसून मिळणार नाहीत, हे त्यांनी लवकर ओळखले. सरकारी आकड्यांची माळ काय सांगते हे समजायला तो आकडा जिथे जन्मला त्या गावात गेले पाहिजे, असा त्यांचा शिरस्ता होता. पुण्याच्या फळबाजाराची पाहणी झाली, वाई तालुक्यातल्या शेती-धंद्याची पाहणी झाली, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली. आज आपल्याला घरी येऊन माहिती लिहून नेणारा माणूस ओळखीचा आहे. त्या काळी, कुणबी किती पेंड घालतो आणि किती दिवस गडी लावतो हे एखादी विद्वानांची संस्था विचारत हिंडते, याचे लोकांना नवल वाटत असणार.

नगर जिल्ह्याच्या दृष्टीने त्यातली सर्वांत महत्त्वाची पाहणी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची. तिचा अहवाल १९४८ साली संस्थेने प्रसिद्ध केला. प्रश्न वरवर साधा होता. दख्खनचे कालवे सरकारला व्याजसुद्धा मिळवून देत नव्हते. पाणीपट्टीच्या वसुलीकडे पाहिले तर हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. धनंजयरावांनी हिशेबाची चौकटच मोठी केली. पाण्याने शेतकऱ्याच्या उत्पन्नात काय पडले, मजुराला किती दिवस काम मिळाले, व्यापाराला आणि सरकारच्या इतर करांना काय लाभ झाला, हे सगळे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष फायदे मोजले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी कालव्याखालच्या गावांशेजारी कोरडवाहू गावे तुलनेला घ्यावी लागतात. पूर्वी आणि आता अशी नुसती तुलना केली तर गुळाचा चढता भाव पाण्याच्या नावावर जमा होतो, किंवा पडता भाव पाण्याच्या खाती खर्च पडतो. पाटबंधाऱ्यांच्या फायद्या-तोट्यावर आज आपण वाद घालतो, त्याची पद्धत इथल्या चाऱ्यांवर घासूनपुसून तयार झाली, हे जिल्ह्यात फारसे कुणाला ठाऊक नसते.

युद्धकाळात भाव चढले आणि शेतकऱ्यांची जुनी कर्जे हलकी झाली. पुष्कळांना वाटले की कर्जाचा प्रश्न आपोआप सुटला. १९४४ साली नेमलेल्या शेती वित्तपुरवठा उपसमितीचे अध्यक्ष धनंजयराव होते. तिच्या शिफारशींवरून दिसते की चढत्या भावाच्या या सुखावर ते विसंबायला तयार नव्हते. जुनी कर्जे कायद्याने तडजोड करून कमी करावीत, आणि जिथे सहकारी संस्था दुबळ्या आहेत तिथे सरकारने शेतीकर्जासाठी वेगळी महामंडळे काढावीत, असे ती समिती सांगत होती. भाव वर आहेत तोवरच घर शाकारून घ्यावे, हा त्याचा अर्थ. तीस सालचा पाऊस त्यांनी पाहिलेला होता.

याच सुमारास, १९४५ च्या अखेरीस, बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, दख्खन कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष धनंजयराव होते. गुळाच्या भावाने कायम हेलकावे खाण्यापेक्षा आणि खाजगी कारखान्याच्या दाराशी उभे राहण्यापेक्षा उसवाल्यांनी स्वतःचा सहकारी कारखाना काढावा, हा विचार तिथे मांडला गेला. परिषदांमध्ये विचार पुष्कळ मांडले जातात. हा जमिनीवर उतरला, कारण तो विठ्ठलरावांनी उचलला. लोणी बुद्रुकला १९२३ साली सहकारी पतपेढी काढलेला हा शेतकरी गावोगाव हिंडून शेअर गोळा करू लागला. मुंबई सरकारात सहकाराचे खाते वैकुंठभाई मेहता यांच्याकडे होते, त्यांची मदत झाली. नव्या औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज मिळाले. १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप झाले.

कारखाना म्हटले की आपल्याला चिमणी आणि चरक दिसतो. अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले तर तो धक्के सोसण्याची एक व्यवस्था होती. उसाचा भाव एकदम हाती न देता आधी पहिली उचल द्यायची आणि हंगामाचा हिशेब लागल्यावर बाकीची रक्कम. चांगल्या साली टनामागे काही ठेव कापून घ्यायची. तीतून कर्ज फेडायचे आणि वाईट सालासाठी थोडी पुंजी धरायची. चढाचा थोडा भाग काढून उताराच्या पोटात घालायचा. ठेवीच्या कपातीवर सभासद कुरकुरत, आजही कुरकुरतात. अध्यक्ष पुण्याचा, गावच्या भाऊबंदकीच्या बाहेरचा असल्याचा अशा वेळी उपयोग झाला असला पाहिजे, असा माझा तर्क आहे.

मधल्या काळात दिल्लीत एक वेगळेच नाट्य घडले होते. १९४७ साली केंद्र सरकारने वस्तूंच्या किमतींसाठी मंडळ नेमले. ए. डी. गोरवाला त्याचे अध्यक्ष आणि धनंजयराव सदस्य. युद्धकाळातली भावनियंत्रणे इतक्यात उठवू नयेत, असा या मंडळाचा सल्ला होता. देशातली हवा उलट होती. नियंत्रणाने काळाबाजार माजला आहे, ते काढले की माल बाहेर येईल आणि भाव उतरतील, असे गांधीजींसह अनेकांचे मत होते. डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे उठू लागली. १९३९ चे भाव शंभर धरले तर घाऊक भावांचा निर्देशांक त्या वेळी तीनशेच्या आसपास होता. आठ महिन्यांत तो सुमारे तीनशे नव्वदावर गेला. घाबरून १९४८ च्या उत्तरार्धात सरकारने नियंत्रणे परत आणली, पण निर्देशांक पुन्हा तीनशेवर आला नाही. चढायला आठ महिने पुरले, उतरायची वाट बंद झाली.

इथे मला थोडे वेगळे बोलावेसे वाटते. आकड्यांपुरते धनंजयराव बरोबर ठरले, यात शंका नाही. पण नियंत्रणाचे यंत्र चालवणारी माणसे कशी असतात, याचा अंदाज बांधताना त्यांच्या मतात पुण्याच्या अभ्यासिकेतला थोडा भाबडेपणा होता, असे माझे मत आहे. पन्नास-साठच्या दशकांत रेशनच्या रांगेत उभे राहिलेले वाचक याच्याशी सहमत होतील. भाव फार वेगाने चढू न देणारा कायदा लिहिता येतो. दुकानदाराने धान्यात खडे न मिसळण्याचा कायदा लिहून भागत नाही.

बँकेतल्या माणसाला धनंजयराव भेटतात ते १९५४ च्या ग्रामीण पतपाहणीच्या अहवालात. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली देशातल्या पंचाहत्तर जिल्ह्यांतली सहाशे गावे निवडून सुमारे सव्वा लाख कुटुंबांची पाहणी केली. तिच्या संचालन समितीत गोरवालांबरोबर धनंजयराव होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के आणि सावकारांचा सत्तर टक्के, हे आकडे तेव्हा देशाला हादरवून गेले. सहकार चाळीसपंचेचाळीस वर्षे चालूनही इतका तोकडा पडला, असे सांगणाऱ्या त्या समितीने सहकार सोडा असे मात्र म्हटले नाही. सरकारने त्यात भांडवल घालून भागीदार व्हावे आणि खेड्यांपर्यंत जाणारी एक मोठी सरकारी बँक असावी, असे सुचवले. १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती त्यातून. पुढे १९६९ साली धनंजयरावांच्याच अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने बँकांनी क्षेत्र वाटून घेऊन काम करावे असे सांगितले आणि त्यावरूनच अग्रणी बँकेची योजना निघाली. ज्या योजनेच्या तिमाही बैठकांत चहाचे असंख्य कप रिचवत माझ्यासारख्यांची नोकरी सरली, तिचा उगम इथे आहे.

त्या नोकरीत ऊसपट्ट्यातल्या वसुलीचे तक्ते मी वर्षानुवर्षे पाहिले. एका वाईट सालात थकलेला हप्ता पुढच्या चांगल्या सालात वसूल होतो, असे वरिष्ठ कचेरीचे गृहीतक असे. प्रत्यक्षात एका सालाची थकबाकी निघायला तीन-तीन साले लागत. शेतकरी बुडवा होता म्हणून नव्हे. मधल्या काळात त्याने बैल विकलेला असे, मुलीचे लग्न पुढे ढकललेले असे, विहिरीचे काम अर्धवट टाकलेले असे, आणि चांगल्या सालाचा पैसा आधी तिकडे जाई.

आता ती दोन प्रश्नांची परीक्षा घरी बसून कशी करतात, ते सांगतो. कागद-पेन्सिल पुरे. देशातल्या साखरेच्या उत्पादनाचे, धनंजयरावांच्या हयातीतले शेवटचे पुरे दशक घेऊ : १९६०-६१ ते १९६९-७०. लाख टनांत, ढोबळ मानाने, आकडे असे आहेत : ३०, २७, २१.५, २५.५, ३२.५, ३५.५, २१.५, २२.५, ३५.५, ४२.५. पहिला आकडा तीस, शेवटचा साडेबेचाळीस. भाषणात सांगायचे तर दहा हंगामांत चाळीस टक्क्यांहून अधिक वाढ. पण सुरुवात १९६२-६३ पासून केली तर उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले असे सांगता येईल, आणि १९६६-६७ पाशी थांबलो तर ते घटले असे. ज्याला जे सिद्ध करायचे त्याने तिथून मोजावे.

म्हणून टोके न पाहता प्रत्येक सालाची नंतरच्या प्रत्येक सालाशी जोडी लावायची. दहा सालांच्या पंचेचाळीस जोड्या होतात. नंतरचा आकडा मोठा असेल तर अधिक, लहान असेल तर उणे. मी मोजले : अठ्ठावीस अधिक, पंधरा उणे, दोन जोड्या बरोबरीच्या. अधिक जास्त आहेत, म्हणजे कल वरचा. पण हेच दहा आकडे चिठ्ठ्यांवर लिहून मुलांना डोळे मिटून ओळीने मांडायला सांगितले, तर निव्वळ योगायोगाने एवढी किंवा याहून जास्त चढती ओळ साधारण सात खेपांतून एकदा लागेल. विसांतून एकदासुद्धा जे योगायोगाने होणार नाही तेच खरे मानायचे, हा संख्याशास्त्रज्ञांचा प्रघात. त्या कसोटीला आपली वाढ उतरत नाही. ही पद्धत मान आणि केंडॉल या दोघांच्या नावाने ओळखली जाते. १९३८ आणि १९४५ च्या त्यांच्या लेखांतून ती आली. तिला उसाच्या बाबतीत एक पुस्ती जोडायला हवी. यंदाच्या लागणीचा खोडवा पुढच्या सालीही उभा असतो, त्यामुळे एका सालचा आकडा शेजारच्या सालाला चिकटून असतो. चिठ्ठ्या तशा चिकटलेल्या नसतात. तेव्हा निकाल आणखी जपून वाचावा.

दुसरा प्रश्न. नऊ बदलांत सहा चढ आणि तीन उतार. चढ सरासरी सहा लाख टनांच्या थोडे आत, उतार सरासरी साडेसात लाखांचा. त्यातला एक उतार तर एका हंगामात चौदा लाख टनांचा, १९६६-६७ चा. दुष्काळ होताच, शिवाय गुळाचा भाव भडकल्याने होता तोही ऊस कारखान्याकडे न जाता गुऱ्हाळाकडे वळला. पुढच्या हंगामातही उत्पादन एक लाख टनानेच सावरले. त्याच हंगामात सरकारला साखरेवरचे नियंत्रण अर्धवट सोडावे लागले, थोडी साखर खुल्या बाजारात विकायची मोकळीक मिळाली, उसाला भाव मिळाला आणि उत्पादन वर आले. नऊ बदलांवरून सिद्धान्त काढता येत नाही, हे कबूल. पण चित्र ओळखीचे आहे. अमेरिकेतल्या बेकारीचे आकडे घेऊन सालिह नेफ्त्ची या अर्थशास्त्रज्ञाने १९८४ साली अशीच परीक्षा केली आणि बेकारी वाढते झपाट्याने, कमी होते रेंगाळत, असे दाखवून दिले. त्याच्याकडे सूत्रे होती. लोणी-बाभळेश्वरच्या बागायतदाराला सूत्रांवाचून ते कळत होते.

१९६७ साली धनंजयराव नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. त्याआधी काही काळ ते राज्यसभेवर नियुक्त सदस्य होते आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीमागे आकडेवारीचे बळ उभे करणाऱ्यांत ते होते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. दिल्लीत त्यांना मिळाला तो कठीण काळ. दोन दुष्काळ, रुपयाचे अवमूल्यन आणि तीन वर्षे थांबलेली पंचवार्षिक योजना. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची यावर दरवर्षी ओढाताण चाले. ज्याचा मुख्यमंत्री वजनदार त्याचे माप मोठे. धनंजयरावांनी त्याला सूत्र दिले. आसाम, नागालँड, जम्मू-काश्मीर यांची गरज आधी भागवायची. उरलेल्या रकमेत साठ टक्के लोकसंख्येवर आणि दहा-दहा टक्के दरडोई उत्पन्न, कर उभारण्याची धडपड, चालू असलेले पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांवर. चौथ्या योजनेपासून, १९६९ पासून, ते लागू झाले आणि गाडगीळ सूत्र या नावाने पुढची कित्येक दशके, थोड्याफार फेरफाराने, देशाचा पैसा त्यावर वाटला गेला. चालू कालव्यांना त्यात जागा मिळाली, हे वाचताना प्रवरेचा तो जुना अहवाल मला आठवतो.

सहकाराबाबत त्यांचा अंदाज किती बरोबर आला? प्रवरेमागून नगर जिल्ह्यात एकामागून एक कारखाने उभे राहिले, शाळा-महाविद्यालये-दवाखाने आले, आणि हे श्रेय कुणी नाकारू नये. नंतरच्या दशकांत महाराष्ट्रातले कित्येक सहकारी कारखाने आजारी पडले, बंद झाले, काही खाजगी मालकांकडे गेले. भावाचे हेलकावे सोसण्यासाठी बांधलेली व्यवस्था कर्जाच्या आणि निवडणुकीच्या हेलकाव्यांत सापडेल, हे धनंजयरावांच्या हिशेबात पुरेसे नव्हते. चांगल्या सालातली ठेव वाईट सालासाठी राखून ठेवणारा अध्यक्ष प्रत्येक पिढीत मिळेल, असे त्यांनी धरले होते.

१९७१ च्या निवडणुकीनंतर नियोजन मंडळाची फेररचना झाली आणि धनंजयरावांनी उपाध्यक्षपद सोडले. दिल्लीचे बिऱ्हाड आवरून ते पुण्याला निघाले, आणि त्या परतीच्या प्रवासातच ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. वय सत्तर. त्या हंगामात देशातले साखरेचे उत्पादन साडेबेचाळीस लाख टनांवरून साडेसदतीस लाखांच्या आसपास उतरले होते. पुढच्या हंगामात ते एकतीस लाखांवर आले, आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात नगर जिल्ह्यात आभाळ कोरडेच गेले.